फ्लाइट डिस्पॅचरचा कोर्स: फी भरायच्या आदल्या दिवशी आलेला मुलगा

"उद्या दुपारी दोनपर्यंत पन्नास हजार भरायचेत मॅडम, नाहीतर सीट जाते म्हणतायत." वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच हे सांगून टाकलं. तासगावकडची माणसं, दोन एकर द्राक्षबाग, मुलगा नुकताच फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेला, वय २१. हातात ब्रोशर, त्यावर मोठ्या अक्षरात फ्लाइट डिस्पॅचर लायसन्स कोर्स, सहा महिने, फी ४ लाख ८० हजार, प्लेसमेंट शंभर टक्के. निम्मे पैसे बेदाणा विकून केलेली एफडी मोडून जाणार होते आणि उरलेल्यासाठी सोसायटीचं कर्ज काढायचं ठरलेलं.

मी सांगलीत करिअरचा सल्ला देते, आणि हा प्रश्न माझ्याकडे आता वरचेवर येतो, फोनवर तर जास्तच, की डिस्पॅचर व्हायचंय तर कोर्स कुठला घेऊ, म्हणून घरच्यांना विचारून ही केस लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी मुलाला पहिलं विचारलं की डिस्पॅचर दिवसभर करतो काय. तो म्हणाला, "फ्लाइट प्लॅन बनवतो." पुढं? पुढं त्याला सांगता येईना. वडिलांना तर कुरिअरवाल्यांचं डिस्पॅच असतं तसलं काहीतरी वाटत होतं, आणि त्यात त्यांची चूक नाही कारण त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

मग मी एका मुलाला फोन लावला, आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्याला यायचा, आता गुरुग्रामला एका एअरलाइनच्या ऑपरेशन कंट्रोलमध्ये डिस्पॅचर आहे. त्याने जे सांगितलं ते मला फार आवडलं. समजा डिसेंबरमध्ये पहाटे पुण्याहून दिल्लीला विमान जायचंय. दिल्लीत धुकं. उतरता आलं नाही तर जायचं कुठं, ह्याला अल्टरनेट म्हणतात, ते आधीच ठरवून तेवढं इंधन घ्यावं लागतं. जवळचं जयपूर घेतलं तर इंधन कमी लागतं, पण जयपुरातही धुकं असेल तर? लखनौ, अमृतसर सगळीकडेच असेल तर? मग लांब अहमदाबाद धरायचं, म्हणजे इंधन वाढलं, वजन वाढलं, मग कदाचित माल उतरवावा लागतो आणि कमर्शियलवाल्यांचा फोन येतो की का उतरवला. इंधनाचे तर भागच असतात, टॅक्सीचं, प्रवासाचं, वाढीव गरजेसाठीचं, अल्टरनेटपर्यंतचं, आणि शेवटी जेट विमानाला १५०० फुटांवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव, ज्याला एरवी हात लावायचाच नाही. शिवाय नोटॅम वाचायचे, म्हणजे कुठला रनवे बंद, कुठला दिवा बंद, विमानात एखादी गोष्ट नादुरुस्त असेल तर तसं उडता येतं का ते बघायचं, आणि हे सगळं एकाच वेळी बऱ्याच विमानांचं.

फोन स्पीकरवर होता. वडील इतका वेळ गप्प होते ते एकदम म्हणाले, "म्हंजे रात्रभर हवामान बघत बसायचं की." हो, बऱ्याच अंशी तेच. फळछाटणीनंतर पाऊस येणार का, द्राक्षावर डाऊनी रोग येणार का म्हणून रात्री दोन-दोन वाजता मोबाईलवर अंदाज बघणाऱ्या माणसाला ते काम मुलाच्या आधी कळलं.

आता खरी अडचण. मुलाला व्हायचं होतं पायलट. पायलटच्या लायसन्सला लागणारे पैसे ह्या घराच्या आवाक्यात नाहीत हे त्याला बारावीतच कळलेलं, आणि अकॅडमीतल्या माणसाने नेमकं तिथंच बोट ठेवलेलं, की कॉकपिट नाही तर नाही, तू पायलटचा बॉस होशील. मला ह्याचा फार राग आला. डिस्पॅचर पायलटचा बॉस नसतो. अमेरिकेत नेहमीच्या एअरलाइन्सच्या उड्डाणांसाठी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघंही कायद्याने मिळून जबाबदार असतात, हे खरं आणि ती फार मोठी गोष्ट आहे, पण हवेत शेवटचा निर्णय कॅप्टनचाच. मी मुलाला सरळ म्हणाले, तुला उडायचंय म्हणून तू हे घेत असशील तर वर्षभरात रडशील, कारण तुला खिडकीसुद्धा नसेल कदाचित, चार स्क्रीन असतील आणि नाईट शिफ्ट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी आई-वडील घाईघाईने मध्ये पडतात, ते त्या दिवशी पडले नाहीत हे बरं झालं.

नंतर आम्ही अकॅडमीला फोन केला, मुलानेच बोलायचं, प्रश्न मी कागदावर लिहून दिले. लायसन्स कोण देणार? आमचं सर्टिफिकेट मिळेल. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता मिळेल का? ती नोकरी लागल्यावर होते. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे डिस्पॅचर म्हणूनच का? एव्हिएशन सेक्टरमध्ये. मागच्या बॅचमधले किती जण आज डिस्पॅचर आहेत, दोघांचे नंबर द्याल का? ते देता येत नाही, पॉलिसी आहे. फी परत? नाही. दहा मिनिटांत सगळं कळलं, आणि ब्रोशरवर छापलेला लायसन्स हा शब्द फोनवर त्यांनी एकदाही स्वतःहून उच्चारला नाही.

आपल्याकडे गाडं असं आहे की डिस्पॅचरला डीजीसीएची मान्यता लागते आणि ती एअरलाइनमार्फत येते. म्हणजे आधी एअरलाइन तुम्हाला घेणार, क्लासरूम ट्रेनिंग देणार, त्यांच्याकडे जी विमानं आहेत त्यांच्यावर शिकवणार, अनुभवी डिस्पॅचरशेजारी बसवणार, मग परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाची तपासणी. बाहेरचा कोर्स करून विषयाची ओळख होते, इंटरव्ह्यूला बोलता येतं, तेवढा त्याचा उपयोग आहे आणि तो मी नाकारत नाही, पण त्यासाठी ४ लाख ८० हजार? तेही कर्ज काढून? डीजीसीएच्या साईटवर सीएआर म्हणजे नियम फुकट वाचायला मिळतात, डिस्पॅचरवाला भाग पैसे भरायच्या आधी स्वतः वाचा, इंग्रजी जड वाटलं तर कॉलेजातल्या सरांना घेऊन बसा, पण वाचा.

मुलगा म्हणाला मग अमेरिकेचा करू का, एफएएचा म्हणजे तिथल्या सरकारी विमान खात्याचा, तो तर खरा लायसन्सवाला आहे. बरोबर, तो सरकारी परवानाच आहे. कोर्स कमीत कमी २०० तासांचा, पूर्ण वेळ केला तर पाच-सहा आठवडे, ८० प्रश्नांची लेखी परीक्षा, ७० टक्क्यांना पास, मग परीक्षकासमोर तोंडी आणि प्रॅक्टिकल. पण वय बघा. लेखी २१ व्या वर्षी देता येते, सर्टिफिकेट मात्र २३ पूर्ण झाल्यावरच हातात येतं, तोवर सगळं पास झाल्याचं पत्र मिळतं. आणि तो परवाना म्हणजे अमेरिकेत नोकरी करायचा हक्क नाही, व्हिसा वेगळी गोष्ट आहे. इथं परत आलात तर त्याने इंटरव्ह्यूत वजन पडेल, पण आपली मान्यता आपोआप मिळणार नाही.

माझ्याकडची पुण्याची एक मुलगी, लग्न होऊन टेक्सासला गेलेली, एच-४ म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर होती आणि तिला ईएडी म्हणजे कामाची परवानगी मिळालेली, तिला मी स्वतः हा कोर्स कर म्हणून सांगितलं होतं. ती आज तिकडे एका छोट्या एअरलाइनमध्ये डिस्पॅचर आहे. तोच कोर्स, पण तिच्यासाठी योग्य आणि ह्या मुलासाठी त्या दिवशी अयोग्य. कुठला कोर्स चांगला असं मला विचारतात तेव्हा मी उलट विचारते की तो संपल्यावर तुला खुर्चीत बसवायचा अधिकार कुणाकडे आहे आणि तो तुला बसवेल का, कारण ह्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं.

पन्नास हजार भरले नाहीत. वडील जाताना म्हणाले, "मॅडम, सीट गेली तर पोरगं माझ्यावर बोल लावंल." ह्या भीतीपोटीच लोक पैसे भरतात हो, पोराने उद्या म्हणू नये की बाबांनी अडवलं. मी मुलाला त्यांच्यासमोरच विचारलं आणि तो म्हणाला, पंधरा दिवस थांबतो, माझा निर्णय.

ते पंधरा दिवस मी त्याला काम दिलं. रोज पहाटे चारला उठायचं आणि मुंबई, पुणे, नागपूर, गोवा ह्यांचे मेटार वाचायचे, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, नेटवर फुकट असतो. पहिल्या दिवशी दुपारी त्याने पाठवलेलं मला अजून आठवतं, व्हीएबीबी, मग १२०६३०झेड, मग २४०१८केटी, मग १२००, आणि खाली "काही कळत नाही". चार दिवसांनी तोच समजावून सांगायला लागला, की व्हीएबीबी म्हणजे मुंबई, १२ तारीख, साडेसहा वाजता पण ते जागतिक वेळेत म्हणजे आपले दुपारचे १२, वारा २४० अंशांकडून १८ नॉट, दिसतंय फक्त १२०० मीटरपर्यंत. दहाव्या दिवशी त्याचा मेसेज आला की आज मुंबईत वारा आणि पाऊस असा आहे, तर विमानं अहमदाबादला वळवतील की हैदराबादला, मी दोन्हीकडचं हवामान बघितलं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. ते वाचून मला बरं वाटलं, कारण आता तो पायलट न होण्याबद्दल बोलत नव्हता.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघं परत बसलो. ठरलं असं की विमानतळावर मिळेल त्या ग्राउंड ऑपरेशनच्या नोकरीत शिरायचं, शक्यतो लोड कंट्रोलकडे जायचं, कारण तिथं विमानाचं वजन, सामान, प्रवासी कुठं बसवले की तोल कुठं जातो ते रोज हाताखालून जातं आणि डिस्पॅचच्या ट्रेनी जागा निघाल्या की हीच मुलं पुढं असतात. सोबत एअरपोर्ट्स अथॉरिटीची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह एटीसीची म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परीक्षा, बीएस्सीला फिजिक्स आणि गणित असेल तर देता येते, वयाची अट २७. ते काम वेगळं आहे, एटीसीवाला आकाशातली विमानं एकमेकांपासून लांब ठेवतो, पण ज्याला हवामान आणि विमानं ह्यात रस आहे त्याने हा फॉर्म भरलाच पाहिजे आणि गावाकडच्या पोरांना तो माहीतच नसतो.

मुलगा सध्या मुंबईला एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत आहे. पहिले सात महिने रॅम्पवर म्हणजे विमानं उभी असतात तिथं, उन्हात, पगार बेताचा, कॉट बेसिसवर राहायचा, दोनदा मला फोन करून म्हणाला सोडतो. मी सोडू नको असं म्हणाले नाही, फक्त किती दिवस झोप झाली नाही ते विचारलं, आणि शिफ्ट बदलून मिळते का ते बघायला लावलं. आता लोड कंट्रोलमध्ये आहे. एटीसीची परीक्षा एकदा दिली, झाली नाही, परत देणार. डिस्पॅचर अजून झालेला नाही. एफडी जागेवर आहे, सोसायटीचं कर्ज काढावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात एका एअरलाइनच्या डिस्पॅच ट्रेनीचा इंटरव्ह्यू आहे, त्याच्या तयारीला रविवारी फोनवर बसतोय आम्ही, गुरुग्रामचा दादा पण असणार आहे, नाईट संपवून थेट.