'जॉइन' म्हणजे जोडायचं की मिळवायचं?

एका ताईंनी विचारलंय की क्रोशाच्या इंग्रजी पॅटर्नमध्ये "सीएच ३, ११ डीसी इन रिंग, जॉइन विथ एसएल एसटी टू टॉप ऑफ सीएच ३" असं लिहिलंय (सीएच म्हणजे चेन, साखळी; डीसी म्हणजे डबल क्रोशे; एसएल एसटी म्हणजे स्लिप स्टिच) तर ते मराठीत कसं म्हणायचं, आणि डीसी म्हणजे मुका खांब की साधा खांब, कारण दोन पुस्तकांत दोन वेगळी उत्तरं मिळाली.

ताई, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, तीच तर गंमत आहे. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणजे एससी म्हणतात त्यालाच ब्रिटिश डीसी म्हणतात, आणि अमेरिकन डीसी म्हणजे ब्रिटिश टीआर, ट्रेबल. टाका तोच, नाव एक घर पुढं सरकलेलं. म्हणून ब्रिटिश डीसी म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकन डीसी म्हणजे साधा खांब. लक्षात ठेवायची माझी युक्ती अशी की ब्रिटिश नाव सुईवरच्या फासांवरनं जमतं, टाक्यातनं दोरा ओढून आणल्यावर सुईवर दोन फास असले की डबल, तीन असले की ट्रेबल. अमेरिकन नाव ते फास किती खेपेला सोडवता त्यावरनं, एका खेपेत सुटले की सिंगल, दोन खेपा लागल्या की डबल. पॅटर्नमध्ये कुठंही एससी दिसलं तर समजायचं अमेरिकन आहे, आणि टाका सोडायला 'मिस' लिहिलं असेल तर बहुतेक ब्रिटिश, अमेरिकन 'स्किप' लिहितात.

आपल्याकडं हा घोळच नाही कारण आपल्या बायकांनी फास मोजत बसण्यापेक्षा दिसलं तसं नाव ठेवलं. कडीत कडी ती साखळी, उभा दिसतो तो खांब, आणि बुटका, असून नसल्यासारखा तो मुका खांब. मुका का म्हणे? माझा आपला तर्क, मुका मार म्हणतो ना आपण, लागलेला असतो पण वरनं दिसत नाही, तसाच हा. चूक असेल तर सांगा, पण मला तरी पटलंय.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. होय, पुरुष असून क्रोशे करतो, सांगलीत गणपती पेठेत दोरा घ्यायला गेलं की अजून "वहिनींना कुठला नंबर पाहिजे" असं विचारतात. तर चौरंगावर घालायला गोल रुमाल करायला घेतला, पॅटर्न ब्रिटिश, दर फेरीला १२ टीआर वाढवायचे, आणि मी अमेरिकन टीआर समजून दोन वेढ्यांचे उंच खांब घालत गेलो. खांब उंच झाले की घेर मोठा लागतो आणि वाढवलेले १२ टाके त्याला पुरत नाहीत, त्यामुळं रुमालाच्या कडा वर उचलायला लागल्या आणि चौथ्या फेरीला चक्क टोपी झाली. मावशीनं बघितलं आणि म्हणाली, "गणपतीला घालतोस का डोक्यात?"

आता जॉइन. इंग्रजीत हा एकच शब्द दोन कामांना वापरतात आणि तिथंच गडबड होते. नवा दोरा लावायचा तो 'जॉइन यार्न', त्याला आपण दोरा जोडणं म्हणतो. पण फेरी संपल्यावर शेवटचा टाका पहिल्याला नेऊन भिडवायचा, ते मावशीच्या भाषेत 'तोंड मिळवणं'. मला हा शब्द जोडण्यापेक्षा कितीतरी नेमका वाटतो. मिळवायचं ते एसएल एसटीनं, म्हणजे टाक्यात सुई घालून दोरा घ्यायचा आणि सगळ्यातनं नुसता ओढून काढायचा, त्याला उंची अशी नाहीच.

आणि मिळवायचं कुठं, इथं निम्मे लोक चुकतात. तुमच्या पॅटर्नमध्ये सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब, म्हणून पुढं ११ च सांगितलेत, एकूण १२. तोंड मिळवायचं ते तिसऱ्या साखळीत. पहिला खरा खांब दिसतो म्हणून त्यात सुई घातली आणि साखळी मोजायची राहिली की पुढच्या फेरीला २४ च्या ऐवजी २२ भरतात, वर शिवणीपाशी भोक दिसतं ते वेगळंच. मुक्या खांबाच्या फेरीला मात्र सुरुवातीची १ साखळी बहुतेक वेळा धरत नाहीत, तिथं पहिल्या मुक्या खांबातच मिळवायचं.

म्हणून तुमची ओळ मावशी अशी सांगेल: "तीन साखळ्या घाल, कड्यात अकरा खांब, आणि तिसऱ्या साखळीत तोंड मिळव." हे अमेरिकन धरून हं, ब्रिटिश डीसी असता तर मुका खांब झाला असता आणि मुक्याला कुणी ३ साखळ्या चढत नाही, एवढ्यावरनंच ओळखू येतं.

'डू नॉट जॉइन' लिहिलं असेल तर तोंड मिळवायचंच नाही, गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल चालत राहायचं. फक्त फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर कुठनं सुरू केलं ते शोधत बसाल, मी बसलोय.