धाकट्या जावेचं पहिलं जेवण, क्वेझॉन सिटीत

प्रिय स.,

तुझी अडचण आधी वाचकांना थोडक्यात सांगते. तू मूळची सांगलीची, लग्न करून फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत राहायला गेलीस. तुझा नवरा भावंडांत थोरला. आता धाकट्या दिराने तिथल्याच दुसऱ्या बेटावरच्या इलोइलो शहरातल्या मुलीशी लग्न केलंय आणि सासूबाईंनी सांगून टाकलंय, की नव्या सुनेच्या स्वागताचं जेवण थोरल्या सुनेच्या घरी होणार. माणसं पंचवीस. टेबलाच्या मधोमध अख्खं लेचोन, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुक्कर हवं. तू शाकाहारी, आणि तुझ्या स्वयंपाकघरात आजवर मांस शिजलेलं नाही. ‘नाही म्हटलं तर परकी ठरेन, हो म्हटलं तर घर माझं राहणार नाही,’ असं तू लिहितेस. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर: ‘माझ्यासाठी असं जेवण कुणी केलं नव्हतं.’

लेचोनचा प्रश्न तुला वाटतो तेवढा अवघड नाही. मी मनिलात राहिले आहे. तिथे शहरात लेचोन सहसा कुणी घरी भाजत नाही, ते विकतच आणतात. तुमच्याच शहरातला ला लोमा हा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा सासूबाईंना सांग, ‘लेचोन तुम्ही निवडा, तुमच्यासारखी पारख मला नाही. टेबल आपण गॅरेजमध्ये मांडू.’ गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये पंगत मांडणं तिथे नेहमीचंच आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटणार नाही. सुरी, कापायची फळी, ताटं सासूबाईंच्या घरून येऊ देत. उरलेलं दुसऱ्या दिवशी व्हिनेगर घालून पुन्हा शिजवतात, ते त्यांच्याच घरी जाऊ दे. तुझ्या ओट्याला काही लागणार नाही आणि सासूबाईंचा मानही राहील. मात्र हे नवऱ्याच्या तोंडून सांगू नकोस, तूच सांग. मुलगा मध्ये आला की साधी गोष्टसुद्धा तक्रार होऊन बसते.

केळीच्या पानांवर सगळं एकत्र ओतून हाताने जेवायची त्यांची कामायान पद्धत आपल्याला फार जवळची वाटते. या वेळी ती नको. त्यात भाताच्या एकाच राशीवर मासे, मांस, भाज्या शेजारी शेजारी पडतात, त्यांचे रस एकमेकांत जातात आणि तुला घासभरही खाता येणार नाही. यजमानीण उपाशी बसलेली तिथे कुणालाही खपत नाही. सगळे तुझ्याभोवती गोळा होतील आणि नवी सून बाजूला राहील.

पंचवीस जणांचं तू एकटीने रांधायचंही नाही. आत्यांना, मावश्यांना फोन करून एकेक पदार्थ वाटून दे. पानसित कुणीतरी आणेलच, दीर्घायुष्यासाठी म्हणून त्या शेवया लांबच ठेवतात. लुम्पिया, म्हणजे सारण भरलेले तळलेले रोल, तेही येतील. भात मात्र तू कर आणि भरपूर कर, चार किलो तांदूळ तरी हवेत. बाकी सगळं कमी पडलं तर चालेल, भात संपला तर त्याची आठवण वर्षभर काढतील.

तुझ्या हातचे दोनच पदार्थ पुरेत. एक इलोइलोचा. तिकडे काद्योस, म्हणजे आपली तूरच, कच्चा फणस आणि डुकराचं मांस घालून एक आंबट रस्सा करतात. मांस वगळून तू तो करू शकतेस. फक्त जावेला चकित करायच्या नादाला लागू नकोस. आधीच तिला फोन कर आणि विचार, ‘तुमच्याकडे हे कसं करतात?’ आंबटपणासाठी त्या भागात बातुआन नावाचं फळ घालतात. मनिलात ते मिळालं नाही तर चिंच चालेल का, हेही तिलाच ठरवू दे. सासरच्या कुणीतरी आपल्या घरची चव विचारली, हे तिला त्या दिवशीच्या सगळ्या जेवणाहून जास्त लक्षात राहील. दुसरा पदार्थ तुझ्या माहेरचा, मुगाच्या पुरणाची पोळी. तिथल्या लोकांना गोड मूग नवा नाही, मुगाचं सारण भरलेलं होपिया ते लहानपणापासून खातात. लहान लहान कर, एकेकाला एक.

टेबलावर सावसावानच्या, म्हणजे बुडवून खायच्या चटण्यांच्या वाट्या ठेव: लसूण-मिरची घातलेलं व्हिनेगर आणि कालामान्सी, म्हणजे तिथलं छोटं लिंबू, पिळलेला सोया सॉस. पातिस, म्हणजे माशाचा खारट सॉस, लांब ठेव, वेगळ्या चमच्यासह. लोक तुझ्या रश्श्यातही यातलं काहीबाही मिसळतील. वाईट वाटून घेऊ नकोस. आपापल्या जिभेप्रमाणे चव लावून घेणं ही तिथली रीतच आहे, तुझ्या हाताला नावं ठेवणं नाही. ताटातला शेवटचा तुकडाही कुणी उचलणार नाही, तो तू वाढ.

तिच्या आईवडिलांना बोलावलंय का? पत्रात तसा उल्लेख नाही. इलोइलोहून विमानाने साधारण तासाभराचा प्रवास आहे. आमंत्रण सासूबाईंच्याच तोंडून जायला हवं, व्याह्यांना मेसेज पाठवून भागत नाही. ते येऊ शकले नाहीत तर जावेला तुझ्या शेजारी बसव. आत्या-मावश्या पहिल्याच दिवशी बाळाचं विचारतील, वजनावरून बोलतील. प्रेमानेच, पण नव्या मुलीला त्यातलं प्रेम लगेच दिसत नाही. त्या वेळी तिला ‘जरा भात आण गं’ म्हणून आत पाठवायचं काम तुझं. ती तुला आते म्हणेल, म्हणजे ताई. तू तिच्यासाठी ताई आहेसच.

आता शेवटच्या ओळीबद्दल. तू 2020 च्या फेब्रुवारीत तिथे गेलीस. मार्चमध्ये मनिलात लॉकडाउन लागला, पंचवीस काय, पाच माणसंही जमू शकत नव्हती. नंतर तू घरातलीच झालीस आणि तुझं स्वागत राहूनच गेलं. मला यात कुणाची उपेक्षा दिसत नाही. पण तुला दुखलं, ते खरंच आहे, आणि ते गिळून पंचवीस माणसांना वाढायला उभी राहू नकोस. वाढताना ते हातात उतरतं. तू म्हणतेस नवऱ्याला हे माहीत नाही. मग त्याला सांग, आणि जेवणाच्या आधी सांग. ‘तुझ्या आईने असं का केलं’ म्हणून नाही. ‘माझ्यासाठीही कुणी करायला हवं होतं, मला अजून वाईट वाटतं’ एवढंच. तो कदाचित गडबडेल, लगेच काही उपाय सुचवायला लागेल. त्याला थांबव, फक्त ऐकायला सांग. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते नंतर दोघं मिळून ठरवा. जेवणाच्या दिवशी, भरल्या टेबलावर मात्र हा विषय अजिबात नको. तो दिवस त्या मुलीचा आहे.

शनिवार-रविवारचं लेचोन आधी सांगून ठेवावं लागतं, तेव्हा सासूबाईंशी या आठवड्यातच बोल. आणि इलोइलोच्या फणसाची कृती मिळाली की मलाही पाठव.

तुझी,
ताई