‘गोल्डरश’ सफरचंदाला स्कॅब खरोखरच होत नाही का?

स्कॅब, म्हणजे पानाफळांवर मखमली, काळपट हिरवे डाग पाडणारा बुरशीजन्य रोग, या जातीवर सहसा येत नाही. कारण अमेरिकेतील पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय विद्यापीठांच्या पैदासकारांनी ‘गोल्डन डिलिशस’च्या वंशात ‘मॅलस फ्लोरिबुंडा’ या शोभेच्या जपानी सफरचंदाचा प्रतिकारक जनुक आणून १९९०च्या दशकात ती प्रसारित केली. मात्र तिला रोगमुक्त म्हणणे चूक ठरेल, कारण जुनिपर या सदाहरित सूचिपर्णी झाडावरून येणाऱ्या तांबेरा या बुरशीजन्य रोगाला ती सहज बळी पडते. फळ ऑक्टोबरअखेरीस पिकते; हिरवट पिवळ्या सालीवर बारीक तपकिरी ठिपके असतात आणि झाडावरून उतरवताच खाल्ल्यास दात आंबतात, पण थंड जागी महिना-दोन महिने ठेवल्यावर तेच फळ पिवळेधमक व गोड होते. परागणासाठी शेजारी दुसरी जात हवीच.