मराठी बिझनेस पॉडकास्ट लोक ऐकतात, पण कुणी काही बोलतच नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की उद्योजकांसाठी मराठी पॉडकास्ट चालवता, ऐकणाऱ्यांचा आकडा बरा आहे, पण कॉमेंट नाही, प्रश्न नाही, साधी शिवीसुद्धा नाही. मोठे पाहुणे आणले, रील्स टाकल्या, बक्षिसं ठेवली तर लोक बोलते होतील का?

नाही होणार. मोठ्या पाहुण्यांनी तर नाहीच नाही. याच विषयावर माझा आणि आमच्या दाजींचा जुना वाद आहे. घरच्या लग्नाच्या पंगतीतही तो थांबत नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, फौंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग जॉबवर्कवर, म्हणजे माल त्यांचा आणि काम माझं, असं करून देतो. रविवारी मशीन बंद असल्या की वरच्या ऑफिसात आम्ही पॉडकास्ट रेकॉर्ड करायचो. आम्ही म्हणजे मी आणि दाजी. दाजींचा धंदा होर्डिंगचा. त्यामुळे किती डोळ्यांसमोरून गेलं एवढंच त्यांचं मोजमाप. डोळ्यांच्या मागे काय झालं, ते होर्डिंगवाल्याला कळायचं कारणही नाही.

तर दाजींनी ओळखी लावून एक बडे उद्योगपती आणले. आधी त्यांच्या ऑफिसातून प्रश्नांची यादी आली, तिच्यात ‘सुरुवातीचा संघर्ष’ दोनदा होता. साहेब तासभर बोलले, आणि बोलले छानच. खिशात काही नव्हतं, आईचा आशीर्वाद होता, माणसं जपली. मी मध्येच विचारलं, “पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हा कच्च्या मालाला पैसे कुणी दिले?” साहेब हसले, म्हणाले, “देणारा वर बसलाय.” मी पुढं विचारणार तेवढ्यात दाजींनी टेबलाखालून पाय मारला. तो भाग आमचा आजवर सगळ्यात जास्त ऐकला गेलेला. दाजी अजून तो आकडा माझ्या तोंडावर फेकतात. पण खाली आलेलं काय? खूप छान. प्रेरणादायी. साहेबांना नमस्कार. आणि एकानं साहेबांकडं नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितला होता.

आता दुसरा भाग ऐका. २०२४ चा फेब्रुवारी-मार्च आठवा. तुम्ही उद्योजकांसाठी बोलता म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) कलम तुम्हाला माहीत असणारच, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत भागवायचं. नाही भागवलं, तर पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीला, तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी धरायचा. कागदावर सगळं आमच्या बाजूचं. पण मध्यम उद्योग आणि ट्रेडर त्यात येत नाहीत. त्यामुळे ३१ मार्च जवळ आला तशा काही पार्ट्या छोट्या जॉबवर्कवाल्यांना सुचवायला लागल्या, की तुझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंदणी, काढून टाक, म्हणजे आम्हाला हा नियमच लागणार नाही.

माझा व्हॉट्सॲप नंबर मी भागात सहज सांगत असे. एका रात्री व्हॉइस नोट आली, मागं लेथचा आवाज. “भाऊ, नाव घेऊ नका. पार्टी म्हणते उद्यम रद्द कर, न्हाईतर पुढची ऑर्डर दुसऱ्याला. मुलाची फी भरायची हाय. काय करू?”

मी म्हटलं, पुढचा भाग यावरच. दाजी म्हणाले, “रडगाणं कोण ऐकणार? स्पॉन्सर पळतील.” मी त्यांना सोडून रेकॉर्ड केलं. माझे सीए आले, आणि एका मोठ्या कारखान्यातून परचेस मॅनेजर म्हणून रिटायर झालेले एक गृहस्थ आले. नोट जशीच्या तशी वाजवली नाही, माझ्या आवाजात सांगितली. गाव बदललं, तो बनवत असलेला पार्टही बदलला.

सीएंनी कायदा सांगितला. उशिराच्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं, सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. आणि हेही सांगितलं, की तक्रार करायची म्हणजे ते गिऱ्हाईक सोडायची तयारी ठेवूनच करायची. पण खरी मजा परचेसवाल्यांनी आणली. म्हणाले, “अरे, दुसऱ्याला ऑर्डर देतो म्हणणं सोपं असतं. नवा व्हेंडर म्हणजे सॅम्पल, इन्स्पेक्शन, ट्रायल लॉट, त्यात रिजेक्शन आलं तर माझीच मान अडकते. फिक्श्चर, म्हणजे पार्ट मशीनवर पकडायचे साचे, तुझ्याकडं असतील तर निम्म्या वेळा ती नुसती धमकी असते. मीच दिलेल्या आहेत.” असं वाक्य यशोगाथेत कधी ऐकलंय का तुम्ही?

पुढचा आठवडाभर फोन खाली ठेवता आला नाही. इचलकरंजीच्या लूमवाल्यांचे आवाज, भोसरी, सातपूर, बेळगावच्या उद्यमबागेतले फौंड्रीवाले. कुणी स्वतःचं गाऱ्हाणं सांगितलं, कुणी पार्टीला काय उत्तर दिलं ते सांगितलं, एकानं तर परचेस मॅनेजरवर चिडून लांबलचक नोट पाठवली. पुढचे कितीतरी भाग मला विषय शोधावा लागला नाही.

आणि दाजी? त्यांनी यूट्यूब उघडलं आणि विचारलं, “कॉमेंट कुठायत?”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. माझी पार्टी पैसे देत नाही, हे कोणता जॉबवर्कवाला स्वतःच्या नावानं, सगळ्यांना दिसेल असं लिहील? पार्टी तेच पाहते, बँकेचा मॅनेजर तेच पाहतो, शेजारच्या शेडमधला स्पर्धकही तेच पाहतो. धंद्यातला माणूस चारचौघांत ‘एकदम मस्त चाललंय’ असंच म्हणणार. खरं तो कानात सांगतो. तुमचे लोक मुके नाहीत, तुम्ही त्यांना चावडीवर उभं करून घरची उधारी विचारताय.

म्हणून कॉमेंटबॉक्सच्या मागं लागू नका. एक वेगळा नंबर घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि व्हॉइस नोट मागा. आमच्याकडचा माणूस हाताला ऑइल असताना टाइप करत नाही, बोलतो. नाव सांगणार नाही हे प्रत्येक भागात म्हणा, आणि पाळा. एकदा जरी कुणी ओळखू आलं तरी दुकान बंद समजा.

दुसरं म्हणजे विचारायचं कसं. “तुमच्या प्रतिक्रिया नक्की कळवा” याला कुणी भीक घालत नाही. “तुमच्याकडं बिल निघाल्यापासून पैसे यायला किती दिवस लागतात, फक्त आकडा पाठवा” असं विचारा. आकडा पाठवणारा हळूहळू गोष्टही पाठवतो. आणि हे शेवटी विचारू नका, शेवटपर्यंत फार थोडे उरतात. यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठपर्यंत टिकतात त्याचा ग्राफ असतो, तो उतरायला लागायच्या आधी विचारा. आलेल्या आवाजाला पुढच्याच भागात उत्तर द्या. महिन्याभरानं दिलेल्या उत्तराचा त्याला उपयोग नसतो, तोवर त्यानं उद्यम रद्द केलेलं असतं.

ग्रुप काढू नका. आम्ही काढला होता. सकाळी सुप्रभात, दुपारी कुणाच्या तरी कॉम्प्रेसरची जाहिरात, रात्री राजकारण. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, तेव्हा नंबर सेव्ह करायला आवर्जून सांगा. ॲपवरच्या फॉलोअर्सवर विसंबणं मी तरी सोडलंय. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, तिथं आम्हाला ऐकणारे पुढं कुठं गेले कुणास ठाऊक. नंबरवाले मात्र अजून आहेत.

रील्स टाका, तोटा नाही. रीलमधून आलेला माणूस रीलच बघतो, एवढंच.

आता दाजींच्या बाजूनं थोडं. स्पॉन्सरला खासगी व्हॉइस नोट दाखवता येत नाहीत. त्याला वर दिसणारा आकडा लागतो, आणि आमच्या पॉडकास्टवर माइकचे पैसेही अजून सुटलेले नाहीत. तुम्हाला जाहिरातीवरच जगायचं असेल तर अधूनमधून एखादा बडा पाहुणा लागेल, तेवढं मान्य. आणि हा सगळा अनुभव छोट्या कारखानदारांचा आहे. तुमचा विषय शेअरबाजार असेल तर सेबीची नोंदणी नसताना व्हॉइस नोटवर विचारणाऱ्याला ‘हा घे, तो विक’ असं अजिबात सांगायचं नाही. कायद्याच्या प्रश्नांनाही मी स्वतः उत्तर देत नाही, सीएंनाच बसवतो. उद्यम रद्द करू का विचारणाऱ्यालाही ‘करू नको’ असं मी म्हटलं नव्हतं, दोन्ही बाजू ऐकवल्या. त्यानं पुढं रजिस्ट्रेशन ठेवलं आणि ती पार्टीही टिकली. पण अशी दुसरी उदाहरणंही कानावर आलीत, जिथं पार्टी खरंच गेली.

राहिली बक्षिसं. एका दिवाळीला दाजींनी पॉडकास्टच्या नावाच्या डायऱ्या छापल्या, प्रश्न पाठवणाऱ्याला डायरी फुकट. डायरीसाठी आलेले प्रश्न डायरीच्याच लायकीचे होते. ‘यशाचं रहस्य काय’ हा तर गठ्ठ्यानं आला. उरलेल्या डायऱ्या अजून ऑफिसच्या माळ्यावर आहेत, २०२३ च्या. ऑपरेटर त्यांच्या पानांवर रिजेक्शनचे आकडे लिहितात. तुम्हाला हव्या असतील तर शिरोलीला या, घेऊन जा.