हार्ट फेल्युअरमध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊन हृदय सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३५ आहे, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आलंय आणि कुणीतरी सांगितलंय की इंजेक्शन घ्या, हृदयाला ताकद येईल. मी डॉक्टर नाही, पण बाबांचं हेच दुखणं चार वर्षं घरात सांभाळतोय, त्यामुळे एवढं नक्की सांगतो की परस्पर घेऊ नका.

कसंय, हृदय नीट पंप करत नाही म्हणून किडनीला वाटतं रक्तच कमी पडतंय, मग शरीर ॲड्रेनलिन, अल्डोस्टेरॉन वगैरे हॉर्मोन्स सोडत बसतं, त्याने मीठ-पाणी अंगात साठतं आणि पाय सुजतात. म्हणून हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच मुख्य गोळ्या हॉर्मोन अडवणाऱ्याच असतात. बीटा ब्लॉकर ॲड्रेनलिनला अडवतो, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला. १९९९ च्या रेल्स ट्रायलमध्ये १६६३ गंभीर पेशंट होते, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी निघाला.

त्याच गोळीची आमच्याकडची गंमत (तेव्हा गंमत नव्हती). बाबांची छाती दुखायला लागली, म्हणजे हृदय नाही, वरचं स्तनाग्र, बनियन घासलं तरी कळ यायची. लाजेने महिनाभर बोलले नाहीत, शेवटी आईने मला सांगितलं. ही गोळी टेस्टोस्टेरॉनच्या कामातही लुडबुड करते. डॉक्टरांनी बदलून एप्लेरेनोन नावाची दुसरी गोळी दिली, हळूहळू दुखणं गेलं. तुमच्या वडिलांना स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे का ते आधी बघा.

हॉर्मोन देऊन बघितलेलं नाही असं नाही. १९९६ मध्ये इटलीत ७ पेशंटना तीन महिने ग्रोथ हॉर्मोन दिलं, हृदय सुधारलं, सगळे खूश. दोनच वर्षांनी जर्मनीत ५० जणांवर प्लासिबोसोबत (म्हणजे काहींना औषध नसलेला नकली डोस देऊन) ट्रायल झाली तर हृदयाचं वजन वाढलं पण पेशंटच्या तब्येतीत काही फरक नाही. टेस्टोस्टेरॉनची मोठी ट्रायल २०२३ ची, ट्रॅव्हर्स, पाच हजारांवर पुरुष, जेल लावायला दिलं होतं. हार्ट अटॅक, स्ट्रोक प्लासिबोपेक्षा वाढले नाहीत, पण एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोके बिघडणं जास्त दिसलं. आधीच थकलेल्या हृदयाला हे कुठे परवडणार?

आणि कमी आकडा बऱ्याचदा आजारपणामुळेच येतो, आकड्यामुळे आजार नाही. टेस्ट सकाळी केली होती का, ते विचारा आणि पुन्हा एकदा करून घ्या.

थायरॉईडची गोष्ट मात्र वेगळी. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलं नसेल तर करा, कारण थायरॉईड खरंच कमी असेल तर त्याने हृदय मंदावतं आणि ते भरून काढता येतं, तेही अगदी कमी डोसपासून चढवत.

एखादं इंजेक्शन घेऊन झालंच असेल तर त्याने पाणी साठू शकतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी काट्यावर उभं करा. आमच्याकडे कॅलेंडरवरच आकडा लिहितो. तीन दिवसांत दोन किलो चढलं की थांबायचं नाही, फोन लावायचा.