भाड्याच्या घरात इग्वानासाठी सुटा होणारा पिंजरा घरी बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय, इग्वाना या मोठ्या सरड्यासाठी चार फुटी पिंजरा खोलून नेता येईल असा करावा, की सुतार म्हणतो तसा फेविकॉल मारून एकदाच पक्का करून घ्यावा. सुताराचं ऐकू नका.

माझा पहिला पिंजरा मामांनी करून दिला. मामा निपाणीचे, हाडाचे सुतार. सुटा करा म्हणून मी मागे लागलो होतो. "उघडतं ते कच्चं काम," म्हणाले आणि खिळे ठोकले. पुढे ऐन पावसाळ्यात बेळगावात शहापूरचं घर सोडून वडगावला जायची वेळ आली. जुना जिना, अरुंद, मधे वळण. पिंजरा वळणावर अडकला तो अडकलाच. भिंतीचा गिलावा निघाला, घरमालक खालून ओरडायला लागले. शेवटी तिथंच करवत लावली. कापल्यावर आतलं दिसलं: तळाच्या प्लायची कड फुगून पदर सुटलेले, सनमायक्याखाली काळी ओल, सांध्यात झुरळांची अंडी. बाहेरून बघाल तर चकाचक. जो सांधा उघडत नाही तो साफ करणार कसा? हे मी मामांना आजही विचारतो.

मी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवतात तिथं, काम करतो. फाउंड्रीचे कितीतरी लाकडी पॅटर्न दोन भागांत असतात. साच्याच्या वाळूतून निघायला ते सुटे व्हावेच लागतात, आणि परत जोडताना केसभर सरकलेले चालत नाहीत, नाहीतर कास्टिंगला पायरी पडते. म्हणून त्यात डॉवेल, म्हणजे छोट्या गोल खुंट्या, असतात. पिंजऱ्यालाही तेच. डॉवेलनं जागा धरायची, बोल्टनं आवळायचं. दोन्ही कामं लाकडी स्क्रूवर टाकलीत, तर चार वेळा खोलल्यावर प्लायमधली भोकं ढिली पडणारच.

बाजूच्या दोन्ही फळ्यांना आतून कोपऱ्यात दीड इंची पट्टी लावा. मागच्या फळीतून सहा एमएमचा बोल्ट घालून पट्टीच्या पलीकडच्या अंगाला टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा दातेरी नट) बसवा. बोल्टचं टोक आत डोकावता कामा नये, जनावर घासून जखम करून घेतं. प्रत्येक फळीचा एक डॉवेल मुद्दाम मध्यापासून सरकवा, म्हणजे फळी उलटी बसूच शकत नाही. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, घ्या, साधा कमर्शियल नको. आधी सगळी भोकं पाडा, मग पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारा, कडांना आणि भोकांच्या आतूनही. वास पूर्ण गेल्याशिवाय जनावर सोडू नका. वायरसाठी भोक न पाडता दोन फळ्यांच्या सांध्यात खाच ठेवा, खोलताना वायर आपोआप मोकळी होते. पुढची काच सरकती ठेवा. हवेच्या जाळ्या एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर.

तुमचं चार फुटांचं माप पिल्लापुरतंच आहे. मोठा इग्वाना शेपटीसकट पाच फुटांच्या पुढे जातो आणि त्याला चढायला उंची लागते. सुट्या पिंजऱ्यावर वरून दुसरा मजला बोल्टनं चढवता येतो. मामांचा पिंजरा असता तर नवाच करावा लागला असता. नंतर मी स्वतः केलेला सुटा पिंजरा मामांनी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला, हलला नाही. तरी म्हणाले, "लाकूड सुकू दे, मग बघ." उन्हाळे गेले, तो अजून तसाच आहे.

एक खरं, आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. पीयू सुकल्यावर डॉवेलची भोकं पुन्हा साफ करून थोडी सैल ठेवा, नाहीतर जुलैत फळी निघणार नाही. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, ट्यूब जाळीच्या आवरणात पिंजऱ्याच्या आतच लावा, काचेतून ते किरण येत नाहीत. सहा ते बारा महिन्यांत बदला, पेटत असली तरी. उष्णतेच्या बल्बलाही जाळी आणि थर्मोस्टॅट हवाच. ऊन खायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास पुरे.

आणि पिंजरा तयार आहे म्हणून घोरपड किंवा स्टार कासव आणायचं मनात असेल तर सोडून द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. इग्वाना परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती केली नसेल तर प्लाय आणण्याआधी ते काम करा.