वाचकांचे प्रश्न : सीआयए, एलएसडी आणि उरलेली बिलं

एलएसडी या भास घडवणाऱ्या रसायनाचे अमेरिकी सरकारने माणसांवर जे प्रयोग केले, त्यांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत. ‘मन ताब्यात घेता येतं का हो?’ अशा मोघम विचारणा बाजूला ठेवल्या. कागदाच्या आधाराने उत्तर देता येईल तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

‘एमके-अल्ट्रा’ची सगळी कागदपत्रं नष्ट केली म्हणतात. मग १४९ उपप्रकल्प, ८० संस्था असे नेमके आकडे येतात कुठून? की सगळ्या वावड्याच? — एक वाचक, सोलापूर

वावड्या नाहीत. ‘एमके-अल्ट्रा’ हा औषधांनी माणसाचं मन ताब्यात घेता येतं का ते पाहणारा, अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याचा गुप्त प्रकल्प. १३ एप्रिल १९५३ रोजी सीआयएचे प्रमुख अ‍ॅलन डलेस यांनी या प्रकल्पाला मंजुरी दिली. तो चालवला रसायनशास्त्रज्ञ सिडनी गॉटलिब यांनी. त्याआधी ‘ब्लूबर्ड’ (१९५०) आणि ‘आर्टिचोक’ (१९५१) हे प्रकल्प होऊन गेले होते. कोरियन युद्धात कम्युनिस्टांच्या हाती सापडलेले अमेरिकी कैदी रेडिओवर भलतेच कबुलीजबाब देऊ लागले, तेव्हा ‘समोरच्यांकडे काहीतरी औषध आहे, आपल्याकडेही हवं’ ही धास्ती वाढली. त्या धास्तीतून पैसा सुटला.

जानेवारी १९७३ मध्ये तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमाने प्रकल्पाच्या फायली नष्ट झाल्या. प्रयोगांचे अहवाल गेले, हिशेबाचे कागद मात्र वाचले. कारण अगदी कारकुनी आहे: ते प्रकल्पाच्या नावाखाली न ठेवता अंदाजपत्रक विभागाच्या जुन्या दप्तरात पाठवले गेले होते. परराष्ट्र खात्यातल्या एका माजी अधिकाऱ्याने माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज केल्यावर शोधाशोध झाली आणि १९७७ मध्ये ही सात खोकी सापडली. त्यांच्याच आधारे सीआयएचे प्रमुख स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी सिनेटसमोर साक्ष दिली. १४९ उपप्रकल्प, १८५ बाहेरचे संशोधक, ८० संस्था हे आकडे तिथले. संस्थांमध्ये ४४ कॉलेजं आणि विद्यापीठं, १२ रुग्णालयं किंवा दवाखाने आणि ३ तुरुंग होते.

या कागदांतून काय कळतं आणि काय नाही, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत. रक्कम, तारीख, उपप्रकल्पाचा क्रमांक, पैसा कोणत्या मध्यस्थ संस्थेमार्फत गेला, हे कळतं. ‘सोसायटी फॉर द इन्व्हेस्टिगेशन ऑफ ह्यूमन इकॉलॉजी’ ही अशीच एक दिखाऊ संस्था होती, त्यामुळे अनुदान घेणाऱ्या काही प्राध्यापकांना पैसा कुणाचा हे ठाऊकच नव्हतं. औषध कुणाला दिलं, किती दिलं, पुढे त्या माणसाचं काय झालं, हे मात्र बिलात नसतं. म्हणून ‘इतक्या हजार लोकांवर एमके-अल्ट्राचे प्रयोग झाले’ असा ठाम आकडा कुणी सांगितला, तर तो कुठून आणला हे आधी विचारावं. शिवाय १९८५ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संशोधकांची आणि संस्थांची नावं दडवण्याची मुभा सीआयएला दिली. कागदांवरच्या बऱ्याच काळ्या पट्ट्यांना त्या निकालाचं कवच आहे.

एलएसडीची मात्रा ‘मायक्रोग्रॅम’मध्ये सांगतात. आम्हा औषधविक्रेत्यांना मिलिग्रॅमची सवय. एवढ्याशा वजनाने माणूस बेभान होतो, हे पटत नाही. — एक वाचक, नाशिक

१०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. एका ग्रॅममध्ये अशा १०,००० मात्रा बसतात. बाझलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी हे रसायन १९३८ मध्ये तयार केलं. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं. आपण अगदी किरकोळ मात्रा घेतोय असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात ती सणसणीत होती. पुढे सँडोझने ‘डेलिसिड’ नावाने २५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि १०० मायक्रोग्रॅमच्या कुप्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी काढल्या. परिणाम साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि आठ ते बारा तास टिकतो.

शून्यांचा घोळ हेरखात्यालाही भोवला. सँडोझकडे १० किलो एलएसडी विकायला आहे, अशी बातमी १९५३ मध्ये सीआयएला मिळाली. दहा किलो म्हणजे दहा कोटी मात्रा. सगळा माल उचलायला २,४०,००० डॉलर मंजूर झाले. स्वित्झर्लंडला माणसं पोचली तेव्हा कळलं, की कंपनीने आजवर बनवलेला एकूण माल ४० ग्रॅमही भरत नाही. माहिती देणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मिलिग्रॅमच्या जागी किलोग्रॅम धरले होते, म्हणजे दहा लाख पटींची चूक.

तुमच्या व्यवसायाशी जवळचा आणखी एक मुद्दा: रोज दिल्यास हे औषध झपाट्याने निष्प्रभ होतं. केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे व्यसनी कैद्यांच्या सरकारी रुग्णालयात डॉ. हॅरिस इझबेल यांनी सात जणांना सलग ७७ दिवस एलएसडी दिलं. शरीराला सवय होऊन परिणाम बोथट झाला, की ते मात्रा दुप्पट, तिप्पट, चौपट करत गेले. यातून सवय जडण्याबद्दलचं खरं शास्त्रीय निरीक्षण निघालं आणि नियतकालिकांत छापूनही आलं. पण भाग घेणाऱ्या कैद्यांना मोबदला कसला, तर ज्या व्यसनापायी ते तिथे आले होते तोच अफूजन्य पदार्थ. त्या संमतीला संमती म्हणणं अवघड आहे.

शहराच्या पाण्यात एलएसडी मिसळण्याची योजना खरी का? — एक वाचक, ठाणे

शीतयुद्धात ही भीती दोन्ही बाजूंना होती. व्यवहारात ती टिकत नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एलएसडीचं विघटन करतं. उजेडातही ते बिघडतं.

फ्रँक ओल्सन यांनी आत्महत्या केली की त्यांना मारलं? दोन ठिकाणी दोन गोष्टी वाचल्या. — एक वाचक, पुणे

आधी निर्विवाद भाग. ओल्सन हे लष्कराच्या फोर्ट डेट्रिकमधले जैवरसायनशास्त्रज्ञ. १९ नोव्हेंबर १९५३ रोजी मेरीलँडमधल्या डीप क्रीक तलावाकाठच्या बंगल्यात लष्कर आणि सीआयएच्या शास्त्रज्ञांची बैठक होती. जेवणानंतर क्वांत्रो या मद्यातून त्यांना सुमारे ७० मायक्रोग्रॅम एलएसडी दिलं गेलं. ते पोटात गेल्यावर काही मिनिटांनी गॉटलिब यांनी सगळ्यांना तसं सांगितलं. २८ नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हॉटेलातल्या १०१८-ए या खोलीच्या खिडकीतून ओल्सन खाली पडले. खोलीत त्यांच्यासोबत सीआयएचे रॉबर्ट लॅशब्रुक होते.

मधल्या नऊ दिवसांत काय चुकलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. ओल्सन खचले होते, नोकरी सोडायचं बोलत होते. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न नेता न्यूयॉर्कला डॉ. हॅरोल्ड अब्रॅमसन यांच्याकडे नेलं. ते अ‍ॅलर्जीचे डॉक्टर. त्यांच्याकडे नेण्याचं कारण एवढंच, की एलएसडीच्या संशोधनात ते होते आणि गुप्ततेच्या कड्यात बसत होते. आजारी माणसासाठी डॉक्टर निवडताना गुपित आधी सांभाळलं, माणूस नंतर. घरच्यांना एलएसडीचं नावही सांगितलं नाही. ते बाहेर आलं १९७५ मध्ये, सीआयएच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या रॉकफेलर आयोगाच्या अहवालातून. त्यानंतर अध्यक्ष फोर्ड यांनी कुटुंबाची व्हाइट हाउसमध्ये भेट घेऊन माफी मागितली आणि १९७६ मध्ये ७,५०,००० डॉलर भरपाई मंजूर झाली.

आता वादाचा भाग. १९९४ मध्ये मृतदेह उकरून पुन्हा तपासला. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जेम्स स्टार्स यांच्या पथकाला डाव्या डोळ्याच्या वर कवटीलगत रक्त साकळलेलं दिसलं आणि ही इजा पडण्याआधीची असावी असं त्यांचं मत झालं. १९५३ च्या अहवालात नोंदलेल्या काचेच्या जखमा मात्र सापडल्या नाहीत. स्टार्स यांनी खुनाकडे बोट दाखवलं. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी पुन्हा तपास केला, पण आरोप कुणावरच ठेवला नाही. मुलांनी २०१२ मध्ये लावलेला दावा पुढच्या वर्षी फेटाळला गेला. जुन्या तडजोडीमुळे तो टिकला नाही, खुनाचा प्रश्न न्यायालयाने निकालात काढलेला नाही. म्हणून ‘खून सिद्ध झाला’ हेही चूक आणि ‘आत्महत्या सिद्ध झाली’ हेही चूक. न सांगता औषध दिलं, एवढं मात्र सरकारनेच कबूल केलेलं आहे.

लष्करातल्या जवानांनी तर सही करून भाग घेतला होता ना? मग तक्रार कसली? — निवृत्त सैनिक, सातारा

मेरीलँडच्या एजवूड शस्त्रागारात १९५५ ते १९७५ या काळात सुमारे ७,००० जवान स्वयंसेवक म्हणून आले हे खरं. अडीचशेच्या वर रसायनं तपासली गेली. त्यांत एलएसडी होतं, आणि ‘बीझेड’ही. बीझेडची भ्रमिष्टावस्था तीन-चार दिवस उतरत नसे.

सही कशावर होती, हा प्रश्न आहे. सार्जंट जेम्स स्टॅन्ली १९५८ मध्ये आले ते रासायनिक युद्धापासून बचाव करणारे कपडे आणि साधनं तपासायला. त्यांना न सांगता चार वेळा एलएसडी दिलं गेलं. नंतर भास, विस्मृती, अचानक हिंसक होणं असं सुरू झालं आणि संसार मोडला. कारण कळलं डिसेंबर १९७५ मध्ये, तेही कसं? ‘एलएसडी चाचणीतल्या स्वयंसेवकां’च्या पाठपुराव्यासाठी सहकार्य करा, असं लष्कराचं पत्र घरी आलं तेव्हा! त्यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो नाकारला, कारण सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी जवानाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही, हा तिथला जुना नियम. विरोधी मतात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी न्यूरेंबर्गच्या तत्त्वांची, म्हणजे नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यात ठरलेल्या ‘संमतीशिवाय माणसावर प्रयोग नको’ या नियमाची, आठवण करून दिली. पुढे खास कायदा होऊन १९९६ मध्ये स्टॅन्ली यांना चार लाख डॉलरच्या आसपास भरपाई मिळाली.

मुळात नियम नव्हता असंही नाही. २६ फेब्रुवारी १९५३ रोजी संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी लेखी आदेश काढला होता: स्वेच्छा, लेखी संमती, साक्षीदारासमोर सही. पण आदेशावर शिक्का ‘अतिगोपनीय’चा. ज्यांनी तो पाळायचा, त्यांतल्या अनेकांपर्यंत तो पोचलाच नाही.

ब्रिटनचीही पाटी कोरी नाही. पोर्टन डाउन इथल्या लष्करी संशोधन केंद्रात १९५० च्या दशकात सैनिकांना असंच एलएसडी दिलं गेलं, काहींना तर सर्दीवरच्या संशोधनाची थाप मारून आणलं होतं. २००६ मध्ये तिघांना न्यायालयाबाहेर भरपाई मिळाली.

फ्रान्समधल्या पाँ-सँतेस्प्री गावात १९५१ मध्ये पावातून विषबाधा झाली, तीही सीआयएचीच का? — एक वाचक, मडगाव

तसा दावा आहे, पण ठोस कागद नाही. औषधाच्या बाजूनेही मेळ बसत नाही. एलएसडीचा अंमल तासाभरात सुरू होतो, तिथली लक्षणं कित्येकांत फार उशिरा आली आणि अनेक दिवस टिकली. पोटाचा त्रासही मोठा होता. पाव भट्टीत भाजला जातो, त्या उष्णतेत एलएसडी टिकणं कठीण. तेव्हापासून धान्यावरची अरगट बुरशी, पारा असे वेगवेगळे संशय घेतले गेले, शेवटचा शब्द कुणाचाच नाही.

आपल्याकडची नार्को चाचणी याच जातकुळीतली का? आणि औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा तर काय बघावं? — कायद्याची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

औषध वेगळं, आशा तीच. नार्कोत सोडियम पेंटोथॉल देतात, आणि ‘आर्टिचोक’मध्ये हेच औषध उत्तेजकांसोबत वापरून पाहिलं होतं. माणूस सैल बोलतो, पण खरं, ऐकीव आणि कल्पनेतलं एकाच सुरात बोलतो. गुंगीतला माणूस विचारणाऱ्याच्या सूचनेलाही सहज वश होतो. तेलगी प्रकरणातल्या नार्को चाचणीच्या चित्रफिती वाहिन्यांवर दिसल्या, त्या पुरावा मानून बघणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं होतं. ५ मे २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली. संमतीने केली तरी तिचे निष्कर्ष पुरावा ठरत नाहीत. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तरच ती न्यायालयात मांडता येते.

औषधचाचणीसाठी आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम आहेत. सही करण्याआधी पुढच्या गोष्टी मागून घ्या. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. नैतिक समितीची नोंदणी झाली आहे का ते विचारा. तिच्यात किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक कायदा जाणणारा असावा लागतो. नव्या रेणूच्या चाचणीत सहभागी दुर्बल गटातला असेल, तर संमतीचं दृश्य-श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. गंभीर अपाय झाल्यास संशोधकाने २४ तासांत कळवायचं असतं आणि उपचाराचा खर्च प्रायोजकाने उचलायचा असतो. केव्हाही, कारण न देता, बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. तो संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेला नसेल, तर सही करू नका.